अम्मी बाळंतपणाला माहेरी आली म्हणून

खेड-चिपळूणकडची दोन-चार मुले दर वर्षी मला फोन करतात. इकडे येऊन एम.एस. केलेले असते, नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झालेली असतात आणि कंपनी ग्रीन कार्डाची फाइल काढायला तयार झालेली असते. “भाई, तो आय-१४० कसा भरायचा? काय काय कागद लागतात?” प्रत्येकाला तासभर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवावे म्हणून हा लेख. मी वकील नाही, न्यू जर्सीत पूल तपासणारा सिव्हिल इंजिनिअर आहे. पण हा फॉर्म आमच्या घरात दोनदा भरला गेला, एकदा माझ्यासाठी आणि एकदा धाकट्या भावासाठी. एकाच आईबापाची मुले आम्ही, शिक्षण जवळपास सारखे, फॉर्म तोच, आणि पुढे जे झाले त्यात जमीन-अस्मानाचा फरक. त्यामुळे कागदांची यादी मधूनमधून मागे पडेल, ते आधीच सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे हा अर्ज तुमचा नसतोच. तो कंपनीचा असतो. आम्हाला या माणसाला कायमचे नोकरीवर ठेवायचे आहे, त्याला इथे राहण्याचा हक्क द्यावा, असे कंपनी सरकारला सांगते. सही कंपनीची. विज्ञानात किंवा कलेत फार मोठे नाव असेल, किंवा तुमचे काम देशाच्या हिताचे आहे असे सिद्ध करता येत असेल, तर स्वतःचा अर्ज स्वतः करता येतो. पण आपल्यापैकी बहुतेकांचा मार्ग कंपनीचाच. फॉर्मच्या भाषेत तुम्ही लाभार्थी. हा शब्द मी पहिल्यांदा समजून घेतला तेव्हा ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची घरकुल लाभार्थ्यांची यादी डोळ्यासमोर आली. तिथेही सही दुसऱ्याचीच असायची.

आय-१४० च्या आधी कामगार खात्याचा टप्पा असतो. या कामाला त्या भागात किती पगार चालतो ते खाते ठरवून देते, कंपनी जाहिराती देते, लायक अमेरिकन माणूस मिळाला नाही हे दाखवते आणि मग खात्याकडे अर्ज करते. तो अर्ज ज्या दिवशी खात्याकडे दाखल होतो ती तारीख जपून ठेवा. तीच तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतला तुमचा नंबर. माझी ऑगस्ट २०१६ ची आहे. खात्याची मंजुरी आली की १८० दिवसांच्या आत आय-१४० गेला पाहिजे, नाहीतर मंजुरी बाद. आणि एक ध्यानात ठेवा, या कामगार खात्याच्या टप्प्याचा खर्च, वकिलाच्या फीसकट, कंपनीनेच करायचा असतो. २००७ पासून तसा नियम आहे. एका मुलाकडून त्याच्या कंपनीने हे पैसे पगारातून हप्त्याहप्त्याने कापून घेतले होते. त्याने मला विचारले तेव्हा कापून झाले होते.

आता कागद. पदवी चार वर्षांची असेल तर बरे. तीन वर्षांची बी.एस्सी. किंवा बी.कॉम. इथल्या पदवीच्या बरोबरीची धरत नाहीत, मग वकील लोकांना पुष्कळ कसरत करावी लागते. आधीच्या नोकरीचा अनुभव दाखवायचा असेल तर त्या कंपनीच्या लेटरहेडवर पत्र हवे, त्यात काम काय केले ते तपशिलाने हवे, आणि तो अनुभव प्रायॉरिटी डेटच्या आधीचा हवा. नवी मुंबईत मी जिथे पाच वर्षे काढली ती कंपनी तोवर बंद पडली होती. जुन्या साहेबांनी वाशीत नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करून दिले. त्यांचे वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होते आणि त्यांना माझ्या प्रत्येक पुलाचे नाव आठवत होते. पगार देण्याची ऐपत कंपनीला दाखवावी लागते, त्यासाठी तिचे ताळेबंद नाहीतर आयकराची विवरणपत्रे जातात. ती तुम्हाला बघायला मिळणार नाहीत, मागत बसू नका.

नावाचा घोळ आपल्या लोकांत हटकून निघतो. शाळेच्या दाखल्यावर माझे नाव महंमद लावून आहे, पदवीवर मोहम्मद, आणि पासपोर्ट काढताना कारकुनाने काटकसर करून नुसते ‘मोहद’ केले. तीन कागदांवर तीन माणसे. त्यात महाराष्ट्राच्या रिवाजाप्रमाणे मध्ये अब्बांचे नाव, ते इथे कधी माझे दुसरे नाव होते तर कधी पहिल्यालाच चिकटते. ही तिन्ही माणसे एकच आहेत असे आणखी एक प्रतिज्ञापत्र केले. काहींच्या पासपोर्टवर आडनावाची जागा कोरीच असते. त्यांचे अख्खे नाव इथे आडनाव बनते आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ येते, म्हणजे पहिले नाव अज्ञात. आमच्या ओळखीच्या एकाला बँकेतले लोक वर्षभर ‘फनू’ म्हणून हाक मारत होते. त्यामुळे पासपोर्ट दुरुस्त करून घ्यायचा तर या फॉर्मच्या आधी घ्या.

फॉर्मच्या चौथ्या भागात एक लहानशी जागा आहे. माणसाची मूळ लिपी रोमन नसेल तर त्याचे नाव आणि मायदेशातला पत्ता त्या लिपीत लिहा, असे तिथे म्हटले आहे. वकिलीणबाईंच्या कचेरीतल्या मुलीने मसुदा पाठवला. सगळे भरलेले, तेवढी जागा सोडलेली, आणि बाजूला शेरा: इथे कृपया अरबी किंवा उर्दूत लिहावे. तिचा हेतू वाईट नव्हता, माझे नाव वाचून तिने अंदाज बांधला होता. मराठी मुसलमानाला हा अंदाज काही नवा नाही. पुण्यात घर भाड्याने बघताना, मुंबईत लोकलमध्ये, “अरे, तुम्ही मराठी चांगलं बोलता” हे आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलो. कुराण शरीफ वाचण्यापुरती अरबी येते, उर्दू कानाने समजते, हाताने लिहिता येत नाही. मी मु. पो. पासून जि. रत्नागिरीपर्यंत सगळे देवनागरीत लिहून पाठवले. तिचा फोन आला, “हे हिंदी आहे का?” म्हटले, मराठी. तिने शब्द लिहून घेतला, स्पेलिंग विचारले. माझी बायको शेजारीच बसली होती. ती चिपळूणजवळच्या उर्दू शाळेत शिकलेली. ती म्हणाली, “माझा फॉर्म असता तर त्या मुलीचं बरोबर निघालं असतं.” तेही खरेच. आमच्या एका घरात दोन लिप्या आहेत आणि बोलतो आम्ही दोघेही कोकणी.

ते दिवस फेब्रुवारी २०१७ चे. २७ जानेवारीला सात मुस्लिमबहुल देशांच्या लोकांवर प्रवेशबंदीचा हुकूम निघाला होता. गावाहून रोज फोन. मामूंचे म्हणणे, आत्ता फॉर्म टाकू नका, नाव बघून बाजूला ठेवतील. भारत त्या यादीत नव्हता, हे सांगूनही त्यांना पटत नव्हते. मी फॉर्म पुन्हा एकदा पानोपानी पाहिला. धर्माचा रकाना त्यात नाही. जातीचा तर नाहीच. आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दोन्ही असतात.

रकाना आहे तो जन्माचा. तिसऱ्या भागात, जन्माचे गाव, राज्य, देश. त्याखाली नागरिकत्वाचा देश. बहुतेक लोक हे दोन्ही एका दमात भरून पुढे जातात, कारण दोन्हीकडे इंडियाच लिहायचे असते. पण रांग ठरते ती वरच्या रकान्याने. नोकरीच्या मार्गाने वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डे मिळतात, आणि त्यांत नोकरदाराबरोबर त्याची बायको आणि मुलेही मोजतात. १९९० च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक नाहीत. आइसलँडला जेवढी मर्यादा तेवढीच भारताला. माझ्या श्रेणीत, म्हणजे दुसऱ्या, भारताच्या वाट्याला त्या हिशोबाने वर्षाला सुमारे २,८०० येतात. दुसऱ्या देशांचे उरले तर वर थोडे मिळतात. आणि तुम्हाला कोणत्या देशाच्या खात्यावर मांडायचे ते तुमच्या पासपोर्टवरून ठरत नाही, तुम्ही कुठे जन्मलात त्यावरून ठरते. तुमच्या नवऱ्याचा किंवा बायकोचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर तो देश लावून घेता येतो. नोकरी, पगार, इथे किती वर्षे कर भरला, याचा रांगेशी काही संबंध नाही.

आता आमच्या घरची हकीकत. अब्बा १९७८ पासून कुवेतला. लग्नानंतर अम्मीही तिथे गेली. पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज, कोकणात हिंदू-मुसलमान दोघांचा. आठवा लागायच्या आत तिला विमानात बसवले. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. मुंबईहून रातराणी एस.टी.ने खेड, तिथून पुढे जीपने गाव. १९८४ च्या डिसेंबरात नानीच्या माजघरात, दाईच्या हातून माझा जन्म झाला. ग्रामपंचायतीच्या वहीत नोंद झाली. चाळीस दिवस झाले, अकीका झाला, आणि पाचव्या महिन्यात अम्मी मला घेऊन कुवेतला परत गेली.

पुढची साडेपाच वर्षे मी कुवेतचा. हवल्लीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मला आठवतो, खालच्या भट्टीतून गरम खुबूस आणायला अब्बांबरोबर जायचो तेही आठवते. धाकटा भाऊ १९८७ चा. त्याच्या वेळी अम्मीला गावी पाठवले नाही, कारण आदल्या पावसाळ्यात नानी गेली होती. माहेर होते, पण बाळंतपण करणारे कोणी उरले नव्हते. म्हणून तो कुवेतच्या सरकारी दवाखान्यात जन्मला. ऑगस्ट १९९० मध्ये इराकचे सैन्य आले. लाखाहून अधिक भारतीयांना त्या वेळी अम्मानमार्गे विमानाने परत आणले, त्यात आम्हीही होतो. घर, सामान, अब्बांची बारा वर्षांची जमवाजमव तिथेच राहिली. अम्मीने दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात कागद कोंबले होते, त्यांत भावाचा अरबी जन्मदाखला होता. भाऊ तीन वर्षांचा होता. त्याला कुवेतचे काहीही आठवत नाही.

माझा फॉर्म भरायच्या वेळी मी वकिलीणबाईंना हे सगळे सांगितले. माझ्या जन्माच्या वेळी आईबाप कुवेतमध्ये राहत होते, मी बालपण तिथे काढले, हे कुठे धरता येते का? त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. कायद्यात एक सवलत आहे म्हणाल्या, पण ती उलटी आहे. आईबापांचा जिथे जन्म नाही आणि जिथे ते राहतही नव्हते अशा ठिकाणी एखादा जन्मला, तर त्याला आईच्या किंवा बापाच्या जन्मदेशाच्या खात्यावर मांडता येते. माझे आईबाप दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातले. सवलत घेतली तरी पुन्हा इंडियाच. बायकोचा जन्म? तोही तिच्या आजोळचा, चिपळूण तालुका. म्हणजे तिथेही रिवाज आडवा आला. मी रकान्यात गावाचे नाव लिहिले, महाराष्ट्र लिहिले, इंडिया लिहिले.

कंपनीने जादा फी भरून फाइल लवकर निकालाच्या खिडकीत टाकली. तेव्हा त्यात पंधरा दिवसांत उत्तर मिळे. अकराव्या दिवशी मंजुरी आली. आम्ही मिठाई वाटली, आणि ते चुकीचे नव्हते. मंजूर आय-१४० हाताशी असला की रांगेत थांबून असेपर्यंत एच-१बी सहा वर्षांपुढेही तीन-तीन वर्षांनी वाढवून मिळतो. २०१५ च्या नियमामुळे बायकोला कामाचा परवाना मागता आला. ती गावी डी.एड. करून शिक्षिका होती, इथे येऊन पाच वर्षे घरात होती. त्या वर्षाच्या शेवटी एका बालवाडीत लागली आणि पहिल्या पगारातून तिने तिच्या आईला पैसे पाठवले. मंजुरीला १८० दिवस झाल्यावर कंपनीने अर्ज मागे घेतला तरी तो सहसा रद्द धरत नाहीत, आणि तारीख तुमचीच राहते. फोन करणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो, कारण पुष्कळ जण मंजुरीनंतरही कंपनीला घाबरून वर्षानुवर्षे पगारवाढ न मागता बसतात.

भावाची फाइल माझ्यानंतर वर्षभराने निघाली. त्याच्या रकान्यात कुवेत. कुवेतला तेव्हा रांगच नव्हती, म्हणून आय-१४० आणि ग्रीन कार्डाचा अर्ज त्याला एकदमच टाकता आला. डब्यातल्या अरबी दाखल्याचे भाषांतर लागले. आमच्या गावच्या मौलाना साहेबांनी तो व्हॉट्सअॅपवर वाचून दाखवला, पण तसे चालत नाही, भाषांतरकाराचे प्रमाणपत्र लागते. २०१९ साली त्याचे कार्ड टपालाने आले. पाच वर्षे झाली आणि आता तो नागरिकही झाला. आम्हा दोघांत यावरून कधी वाईट बोलणे झाले नाही. फक्त तो कार्ड मिळाल्याचे सांगायला आला तेव्हा दहा मिनिटे क्रिकेटवरच बोलत बसला होता. नागरिक आपल्या भावासाठी अर्ज करू शकतो, तेही त्याने लगेच काढले. पण भावंडांच्या रांगेतही जन्मदेशच बघतात, आणि भारतासाठी २०२५ मध्ये तिथे २००६ सालच्या अर्जांवर काम चालले होते.

आमच्या जमातीत आता याची कुजबुज पोचली आहे. इथल्या एका वलीम्यात एक बाई दुसरीला विचारताना मी ऐकले, “पोरगी कुवेतची की सौदीची? की गावचीच?” त्या हसत होत्या, पण प्रश्न अगदीच थट्टेचा नव्हता. चाळीस वर्षे आपले लोक खाडीत राहिले. तिथे जन्मलेल्यांना तिथले नागरिकत्व कोणी दिले नाही, अकामा संपला की निघा. त्याच जन्माला अमेरिकेच्या फॉर्ममध्ये भाव आला, याची मला गंमतही वाटते आणि थोडा रागही येतो. मामूंना मात्र मी पुन्हा सांगितले की नाव बघून काही झाले नाही. माझ्याबरोबर त्याच रांगेत जोशी आहेत, पाटील आहेत, रेड्डी आहेत, आणि सगळे तितकेच थांबले आहेत. नाव मुसलमानी, जन्म कुवेतचा, तो भाऊ आमच्या पुढे निघून गेला.

परराष्ट्र खाते दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढते. त्यात आपल्या श्रेणीपुढे जी तारीख छापतात तिच्या आधीचा नंबर असलेल्यांची पाळी. सप्टेंबर २०२२ मध्ये दुसऱ्या श्रेणीत भारताची तारीख १ डिसेंबर २०१४ वर पोचली. कोविडमुळे कुटुंबांच्या वाट्याची न वापरलेली कार्डे नोकरीवाल्यांकडे वळली होती. आम्हाला वाटले, दीड-दोन वर्षांत आपण. ऑक्टोबरात ती एकदम एप्रिल २०१२ वर मागे आली, डिसेंबरात ऑक्टोबर २०११ वर. तारीख मागेही जाते हे तेव्हा मुलीला समजावून सांगावे लागले. २०२५ संपता संपता ती २०१३ मध्ये होती.

मुलगी नोव्हेंबर २००९ ची आहे, आमच्याबरोबर लहानपणी आलेली. फॉर्मच्या सातव्या भागात बायको-मुलांची नावे असतात, तिथे तिचे नाव आहे. पण आमची पाळी येईपर्यंत ती एकवीस वर्षांची झाली तर ती आमच्या फाइलमधून बाहेर पडते. २००२ च्या एका कायद्याने थोडी सूट दिली आहे. आय-१४० जितके दिवस निकालाविना पडून होता तितके दिवस मुलाच्या वयातून वजा करतात. ज्यांचे अर्ज साध्या खिडकीत महिनोन्‌महिने रखडले त्यांच्या मुलांना तेवढे महिने मिळाले. आमचा अकरा दिवसांत मंजूर झाला. तिचे अकरा दिवस वजा होतील.

ती हिशोबात पक्की आहे, तिने तो स्वतः केला. आता अकरावीत आहे आणि कॉलेजांच्या याद्या करते आहे. वकिलीणबाईंनी सांगितले आहे की २०३० च्या आत आमची पाळी आली नाही तर तिला परदेशी विद्यार्थ्याचा, एफ-१ व्हिसा घ्यावा लागेल, आणि तो मागताना शिकून मायदेशी परत जाण्याचा इरादा आहे असे दाखवावे लागेल. ती चार वर्षांची असताना इथे आली. परवा ती अर्ज कसा असतो ते बघत होती, त्यातही मायदेशाचा पत्ता विचारतात. तिने मला गावचा पत्ता विचारून घेतला आणि देवनागरीत लिहिता येत नसल्याने मु. पो. म्हणजे काय ते विचारले.